शेवळं, काकडं आणि नारळाचं दाट दूध

मे महिना संपत आलाय, वळवाची एखादी सर येऊन गेली असेल तेवढीच, आणि इकडे कर्जत-पनवेलकडच्या डोंगरात सुक्या पाचोळ्यातून कोंब वर यायला लागलेत. ही शेवळं, भाजी करून खायची रानभाजी. अजून पान नाही, काही नाही, जमिनीतून थेट फुलाचा दांडाच येतो, पानं नंतर पावसात फुटतात. सुरणाच्याच कुळातली ही वनस्पती, अस्सल सह्याद्रीतली.

ठाकूर, कातकरी आदिवासी बायका ती शोधून आणतात, आणि शक्यतो मिटलेलीच, कारण एकदा उमललं की त्या फुलाला कुजल्यासारखा घाण वास येतो. कंद जमिनीतच राहतो म्हणून पुढच्या वर्षी परत शेवळं मिळतात, त्यामुळे कोणी हौसेने कंदच उपटत असेल तर प्लीज थांबवा त्याला.

आता खाज. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. त्यावर उतारा म्हणजे काकडं, हिरवी आंबट रानफळं, आणि कमाल म्हणजे तीही ह्याच दिवसांत तयार होतात! बाजारात शेवळांच्या जुडीशेजारीच काकडांचा वाटा लावलेला असतो, तो घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. हे ज्ञान ह्या बायकांचं आहे, आपण भाव करताना ते विसरतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

साफ करताना बाहेरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याच्या बुडाशी जो पिवळा दाणेदार भाग असतो तो कापून टाकायचा, सगळ्यात जास्त खाज त्यातच, घाई करू नका इथे. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. काकडं ठेचून, पाण्यात कोळून रस गाळून घ्यायचा. तेलात कांदा, आलं-लसूण, मग शेवळं चांगली परतायची, काकडाचा रस, हळद, तिखट, मीठ, आणि सोडे (सुकवलेली कोलंबी) किंवा ताजी कोलंबी, शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेले वाल. नारळाचं पातळ दूध आधी घालून सगळं मऊ शिजू द्यायचं, दाट दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, उकळी फुटू द्यायची नाही नाहीतर दूध फाटतं. रस्सा मस्त क्रीमी होतो, सोबत तांदळाची भाकरी.

पाऊस लागला की शेवळं संपतात आणि त्याच कंदाची कोवळी पानं येतात, त्याला लोत म्हणतात, त्याचीही भाजी होते पण खाज त्यालाही असतेच, तेव्हा चिंच नाहीतर आमसूल घातल्याशिवाय तीही शिजवू नका.