भूक म्हणजे खाण्याची इच्छा

नमस्कार श्रोतेहो. जेवणाची वेळ जवळ आली आहे, कुणाच्या पोटात कावळेही ओरडत असतील. तेव्हा विषय भुकेचाच घेऊ.

इंग्रजीत भुकेला रोजचा शब्द ‘हंगर’. तो जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला, घरचाच. पण सतराव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून आणखी एक शब्द आणला, ‘इस्यूरियंट’, म्हणजे भुकेला. भूक ती ‘इस्यूरियन्स’. हंगर घरात असताना या पाहुण्याला ताटावर कोण बसवणार? आज तो कुणी वापरलाच, तर बहुधा थट्टेने किंवा हावरटपणा दाखवायला.

मला मात्र त्याची घडण फार आवडते. लॅटिनमध्ये ‘एदेरे’ म्हणजे खाणे. आपल्या संस्कृतातला अद् धातू आणि इंग्रजीतला ‘ईट’ ही त्याचीच भावंडं. या एदेरेपासून लॅटिनने ‘एसुरीरे’ हे क्रियापद घडवलं, म्हणजे खावंसं वाटणे. भुकेसाठी वेगळा धातू शोधलाच नाही; खाण्यालाच इच्छेचा प्रत्यय लावला.

संस्कृतने तेच केलं, फक्त वेगळ्या रीतीने. तिथे धातूचा आरंभ दुणावतो आणि पुढे सन् प्रत्यय येतो. ज्ञा पासून जिज्ञासा, पा पासून पिपासा, आणि भुज् म्हणजे खाणे, त्यापासून बुभुक्षा. तिची प्राकृतात झाली भुक्खा आणि मराठीत भूक. आई “भूक लागली का रे?” विचारते, तेव्हा त्या दोन अक्षरांत खाणं आणि इच्छा दोन्ही असतात, झिजून झिजून ओळखू येत नाहीत, इतकंच.

लॅटिनमधला तो शब्द अजून गायला जातो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया हिचं स्तोत्र आहे. त्यात एक ओळ येते, ‘एसुरिएन्तेस’, म्हणजे भुकेलेले. देवाने भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवलं, असा तिचा अर्थ. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी १७२३ साली लाइपझिग शहरात या स्तोत्राला संगीत दिलं आणि पुढे ते सुधारलं. सुधारलेल्या रचनेत या ओळीला एकच गाता आवाज आणि दोन बासऱ्या आहेत. शेवटचा शब्द ‘इनानेस’, म्हणजे रिकामे. तो संपतो, बासऱ्या पुन्हा वाजू लागतात, आणि अगदी अखेरच्या स्वरापाशी गप्प होतात. तो स्वर खालची खर्जातली वाद्यं एकटीच वाजवतात.

ऐकाल तेव्हा तेवढ्या जागी कान द्या.