रेकॉर्डला बायकोचं नाव काय आहे, ते आजच बघा

नमस्कार मंडळी. हे माझ्या हातात आहे ते डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते पुस्तक. माझ्या काकांचं. शिवण उसवलीय, कडा झिजल्यात, पण काकूनं ते लग्नातल्या शालूत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी जपलं होतं. काका गेले, आणि यातल्या एका ओळीपायी काकूची पेन्शन 14 महिने अडली. ती ओळ म्हणजे तिचं नाव.

माहेरी ती सुमन. लग्नात तांदळात नाव लिहिलं लक्ष्मी. काकांनी पलटणीत तेच लिहून दिलं. पुढं आधार निघालं शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे परत सुमन. कागदावर बायका दोन झाल्या! दिवसकार्य उरकतंय तोवर त्या माउलीला मीच फौजीची बायको हे सिद्ध करत फिरावं लागलं. मला आजही त्याचा राग येतो.

आपल्या सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. घरटी फौजी असलेल्या या मुलखात लग्नात नाव बदललेल्या बायका किती असतील, तुम्हीच बघा.

काकूचं काम मार्गी लागलं ते सैनिक बोर्डातून, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. साताऱ्यालाही आहे, सांगलीलाही आहे. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं, लग्नाचा पुरावा जोडला आणि कागद रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या जवानांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला गेले. काका मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणून बेळगाव. तुमची पलटण दुसरी असेल तर रेकॉर्ड ऑफिसही दुसरं.

आता पैशाचं बोलू. शेवटचा पगार 40 हजार धरा. साधी फॅमिली पेन्शन 30 टक्के, म्हणजे 12 हजार, वर महागाई भत्ता. जवान नोकरीत असताना गेला, तर पहिली 10 वर्षं 50 टक्के. मृत्यू ड्युटीमुळे आला असं मान्य झालं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के, 24 हजार. आणि लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत वीरमरण आलं, तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, पूर्ण 40 हजार. म्हणून ताई, पेन्शनचं पत्र आलं की रकमेआधी प्रकार वाचा. "ड्युटीशी संबंध नाही" असं लिहून आलं, तरी तिथं थांबायचं नाही. अपील करता येतं, आणि पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

एक चूक मात्र करू नका. मालक गेल्यावर त्यांच्या खात्यात पेन्शन येत राहिली तर काढत बसू नका, लगेच कळवा. ते पैसे नंतर वसूल होतात, आणि नेमके तुमच्या हातात चार पैसे यायला लागले की. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, पासबुक, एवढं घेऊन निघा. स्पर्श, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचं काम गावच्या सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातही होतं. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.

आणि ज्यांचे मालक हयात आहेत, त्यांनी आज जेवणं झाली की त्यांना पीपीओ काढायला लावा. त्यावर तुमचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्ती असेल तर त्यांच्या एका सहीनं काम सोपं होतं.

अडलं तर मला विचारा. पण पीपीओ नंबर, खाते नंबर, ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. मलासुद्धा.