जुनी व्हीटेक की नवी स्विफ्ट?

श्रोतेहो, नमस्कार. कपाशीचा चुकारा हाती आला की घरोघरी गाडीचा विषय निघतो. पोराला जुनी होंडा सिटी व्हीटेक हवी असते, बाबा नव्या स्विफ्टवर अडून बसतात. कागदावर जुनीच भारी: दीड लिटर, चार सिलिंडर, १०६ अश्वशक्ती. २०२४ च्या स्विफ्टला १.२ लिटर, तीन सिलिंडर आणि जेमतेम ८२.

पण व्हीटेकचा खरा जोर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा पाच हजारांच्या आसपास गेल्यावर कळतो. काळ्या मातीत खचलेल्या आपल्या रस्त्यांवर काटा तिथवर जातो कुठे? समृद्धीवर जाईल, पण तिथेही मर्यादा १२० ची.

आता ऊन. त्या पिढीच्या होंडांचा एक ठरलेला आजार आहे. उन्हात उभी गाडी सेल्फ घेते, सुरू मात्र होत नाही. थंड झाली की मुकाट चालू. अशा वेळी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा गाडीतला पंप लगेच बदलू नका. किल्ली ऑन करा आणि मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का ते ऐका. नाही आला, तर आधी डॅशबोर्डखालचा, पंपाला वीज देणारा मेन रिले पाहा. त्याच्या आतले सोल्डरचे डाग तडकतात आणि तापले की जोड सुटतो. रेडिओ दुरुस्त करणाराही ते पुन्हा डागून देईल. पंप वाजतो पण प्लगला ठिणगी नाही, तर संशय प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्नायटरवर.

गाडी कमी चालली म्हणून टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर ठेवणारा रबरी पट्टा, सोडू नका. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. पाच वर्षं झाली की बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदला. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात, आणि मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावंच लागतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी तर नकोच. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर क्षाराने नळ्या बुजायला वेळ लागत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला की गाडी चालवायचीच नाही.

स्विफ्टला ही कटकट नाही. टायमिंगला बेल्टऐवजी चेन, इंजिन वीस टक्क्यांच्या पेट्रोलसाठीच बनवलेलं, सहा एअरबॅग आणि गाडी घसरताना सावरणारं ईएसपी सगळ्या मॉडेलांत. पण ती कुटाराच्या ढिगाजवळ लावली की उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि मग स्कॅनरवाला मिस्त्री तालुक्यालाच शोधावा लागतो. रोजच्या कामाला तरी आम्ही तीच घ्या म्हणू.

तरीही व्हीटेकच घ्यायची असेल, तर ती दुपारी दोनला पाहायला जा. एसी लावून वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. पंखा सुरू होतो का, तापमानाचा काटा चढतो का, ते बघा. मग बंद करून दहा मिनिटं उन्हातच उभी ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. सुरू झाली तरच भावाचं बोला.