ठकीची वही

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने बांधलेली एक वही लटकते, शेजारी पेन्सिल. मुळात ती दूधवाल्याच्या हिशेबाची. पुढच्या पानांवर अजून लिटर आणि पैसे आहेत. उलटीकडून उघडलीत तर मात्र वेगळाच मजकूर दिसेल. '१२ जुलै. पहाटे ३ वाजून १० मिनिटं. दीड मिनिट. तोंडाची डावी बाजू आधी. लाळ. लघवी झाली. नंतर पाऊण तास घरभर फेऱ्या.'

ही ठकीची वही. ठकी म्हणजे आमची मांजर. वय वर्षं १६, म्हणजे माणसाच्या हिशेबाने ऐंशीची म्हातारी. गेल्या दोन वर्षांपासून तिला फिट येते. आज मी बोलणार आहे ते त्याबद्दल. मी काही डॉक्टर नव्हे. डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलेली एक बाई आहे, एवढीच माझी पात्रता.

पहिल्या वेळी वही नव्हती आणि घड्याळाकडे बघायचं भानही नव्हतं. पावसाळ्याची रात्र होती. रत्नागिरीत पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यातही कॉटखालून धडधड ऐकू आली. म्हटलं, आणला हिने उंदीर. बॅटरी मारली तर ठकी एका कुशीवर पडलेली, चारी पाय सायकल चालवल्यासारखे हलतायत, जबडा कटकट वाजतोय, हनुवटीखाली लाळेचा फेस. डोळे सताड उघडे, पण त्या डोळ्यांत ठकी नव्हती. मी हाक मारली, काही नाही. मी तिच्या तोंडात बोट घालायला निघाले, कारण लहानपणी ऐकलेलं, जीभ आत जाते म्हणून. हे धावले ते कांदा फोडायला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, 'चप्पल हुंगवा गो, चप्पल!'

कांदा फुटेपर्यंत फिट थांबलीसुद्धा. काकू अजूनही श्रेय चपलेला देतात. गंमत अशी की फिट एक-दोन मिनिटांत बहुतेक वेळा आपली आपणच थांबते, म्हणून जे काही हुंगवलं त्याला यश मिळतं.

आपल्याकडे लहान मुलाला तापात आली की 'आकडी', मोठ्या माणसाला आलं की 'फेफरं', आणि सगळ्यांना मिळून 'फिट'. मांजराला काय म्हणायचं ते ठरलेलं नाही, बहुधा मांजर तेवढं म्हातारं होईपर्यंत घरात टिकतच नसे म्हणून. आता टिकतं. लसी आहेत, दाणे आहेत, बाहेर न जाणारी मांजरं आहेत. आणि म्हातारपण आलं की त्याच्या मागोमाग हेही येतं.

त्या दीड मिनिटात करायचं काय, तर फार थोडं. तोंडात बोट घालायचं नाही. मांजर जीभ गिळत नाही, पण तुमचं बोट मात्र तिच्या दातांत सापडेल, आणि ती चावतेय हे तिला ठाऊकही नसेल. पाणी पाजायचं नाही, कांदा नाही, चप्पल तर नाहीच. दाबून धरायचं नाही. जिन्याच्या किंवा ओट्याच्या कडेला असेल तर टॉवेलने अलगद आत ओढायची, आजूबाजूचं स्टूल, पाट, कुंडी बाजूला करायची. दिवा मंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद. आणि घड्याळ बघायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं. मी पहिल्या वेळी डॉक्टरांना 'पंधरा मिनिटं तरी चालली' असं सांगितलं होतं. खरोखर पंधरा मिनिटं चालली असती तर ठकीच्या जिवावर बेतलं असतं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक थांबून मांजर शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर रात्र असो की पाऊस, उचलून दवाखाना. चोवीस तासांत दोन-तीन आल्या तरीही तेच.

घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. निर्दयपणा वाटतो, मला वाटला होता. पण डॉक्टरांसमोर मांजर टेबलावर शहाण्यासारखी बसलेली असते, आणि तुमच्या हातवाऱ्यांवरून त्यांनी काय ओळखायचं? हृदयाच्या त्रासाने आलेली घेरी वेगळी, कानाच्या आतला तोल बिघडून मान वाकडी होते ते वेगळं, फिट वेगळी. शिवाय मांजराची फिट दर वेळी धाडकन पडण्याचीच असते असं नाही. नुसती एका बाजूची मिशी थडथडते, कान फडफडतो, लाळ गळते, मांजर नसलेली माशी पकडते, नाहीतर एकदम भिंतीवर आपटेल अशी धावत सुटते. आधी कित्येकदा असं झालं असेल आणि आम्ही 'म्हातारचळ लागला' म्हणून हसलोही असू.

फिटनंतरचा तास मला फिटपेक्षा जड जातो. ठकी उठते, पण तिला दिसत नाही. भिंतीला नाक लावून चालते. मला ओळखत नाही, एकदा माझ्यावरच फिस्कारली. मग हळूहळू घर तिला परत सापडतं, आणि सापडल्यावर पहिली गोष्ट काय, तर भूक. राक्षसी भूक. मात्र चालताना लटपटणं थांबल्याशिवाय खायला द्यायचं नाही, ठसका लागतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. मांजर बाहेर फिरणारं असेल, रेबीजची लस झालेली नसेल, आणि अचानक लाळ, झटके, वागण्यात फरक असं काही दिसलं, तर आधी स्वतःला आणि मुलाबाळांना लांब ठेवा. चावा किंवा ओरखडा निघाला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. प्रेमापोटी हे टाळू नये. ठकीची लस दर वर्षीची होती, म्हणून आम्ही तो प्रश्न लगेच ओलांडू शकलो.

आता कारण. तरुण मांजराला फिट आली तर काही वेळा कारणच सापडत नाही. म्हाताऱ्या मांजराला आली की कारण शोधायचंच. मूत्रपिंडं थकलेली असतात, थायरॉइड वाढलेलं असतं (ते मांजर भरपूर खातं आणि तरी वाळत जातं), यकृत बिघडलेलं असतं. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर डोस जास्त होऊन साखर उतरलेली असू शकते. मेंदूच्या आवरणावर गाठ होते, ती म्हाताऱ्या मांजरांत बऱ्यापैकी आढळते. ती बघायची तर एमआरआय, आणि त्यासाठी मोठं शहर आणि भूल. शिवाय घरात आपणच करून ठेवलेली कारणं असतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे काही थेंब असतात, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. 'थोडंसंच टाकलं' म्हणून भागत नाही. आणि आम्हा कोकणातल्यांची खास चूक म्हणजे कच्ची मासळी. काही जातींच्या कच्च्या मासळीत ब १ जीवनसत्त्वाचा नाश करणारं द्रव्य असतं. रोज तेवढंच खाणाऱ्या मांजराची मान खाली लवायला लागते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर ते द्रव्य निकामी होतं. माझी आई बाजारातून आली की कच्ची मुंडकी परसात टाकायची आणि पाच मांजरं जमायची. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग बांगडा काय मांजराला तळून घालू?' तळू नको, उकड, म्हटलं.

ठकीच्या रक्तात मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले निघाले. रक्तदाब मोजायला आम्ही तिला कोल्हापूरला नेलं. लहान बाळाच्या मनगटाएवढा पट्टा पुढच्या पायाला गुंडाळतात. घाबरलेल्या मांजराचा दाब तसाही चढतो, म्हणून तिला अर्धा तास टोपलीतच बसू दिलं आणि मग पाच-सहा वेळा मोजला. वरचा आकडा १६०च्या पुढे टिकून राहिला तर औषध लागतं. हिचा २००च्या वर. एवढा दाब मेंदूला सोसत नाही आणि डोळ्यांनाही नाही. भर उन्हातही तिच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या असायच्या, आणि आम्ही म्हणायचो, काय सुंदर डोळे दिसतात म्हातारपणी!

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. घरी येऊन बघते तर ह्यांची आणि ठकीची गोळी एकच, अॅम्लोडिपिन. ह्यांना अख्खी, तिला चतकोर. पण म्हणून घरातल्या औषधांच्या डब्यात हात घालू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

फिटसाठी वेगळी गोळी मिळाली, फिनोबार्बिटोन. हे औषध १९१२ सालापासून माणसांच्या अपस्मारावर वापरात आहे, आणि मांजरांसाठीही बहुतेक डॉक्टर पहिलं तेच देतात. कुत्र्यांना चालणारं ब्रोमाइड मांजरांच्या फुप्फुसांना सुजवतं, आणि डायझेपामच्या गोळ्या रोज पोटातून दिल्या तर एखाद्या मांजराचं यकृतच बसतं. म्हणून शेजारच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्या मांजराला चालत नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठी उलटसुलट बघितली, चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाहीच, आणि विचारलं, 'पेशंटचं नाव?' म्हटलं, ठकी. 'आडनाव?' आमचंच सांगितलं.

पहिले पंधरा दिवस ठकी दारू प्यायल्यासारखी चालायची. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. मी घाबरून गोळी बंद करणार होते. ते सगळ्यात वाईट झालं असतं, कारण हे औषध एकदम तोडलं की फिट दुप्पट जोराने उलटते. पंधरा-वीस दिवसांत शरीराला सवय होते. मग रक्त तपासून औषधाची पातळी बघतात आणि डोस कमी-जास्त करतात. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आमच्याकडे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. लग्न असो, बारसं असो, सहाला कुणीतरी घरी. गोळी कडू असते. ती तुपात घोळवायची, मांजराला टॉवेलात करंजीसारखं गुंडाळायचं, डोकं जरा मागे करून जिभेच्या मुळाशी सोडायची आणि मागून सिरिंजने थोडं पाणी. नुसती कोरडी गोळी घशात अडकून राहते.

आणि आता वहीची गंमत. औषध चालू झाल्यावर मोठ्या फिट महिन्यात एखाद-दुसरीवर आल्या. पण लहान झटके, म्हणजे सगळं अंग एकदम दचकल्यासारखं उडणं, ते चालूच. वहीत वेळा बघितल्या तर सहाच्या आगेमागे. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. हे म्हणाले, औषध उतरलेलं असतं तेव्हा, म्हणून. मलाही पटलं. मग एका सकाळी मी गोळीची पट्टी हातात घेतली, चांदी फाडली, चर्रर्र, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठकी उडाली. पुन्हा चुरगाळली, पुन्हा उडाली.

कान मंद झालेत म्हणून आम्ही तिला बहिरी समजत होतो. पण मांजराचा कान माणसासारखा नव्हे. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याच्या तिपटीहून वरचं. डॉक्टरांनी सांगितलं की याला नाव आहे, आवाजाने येणारी फिट. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांनी २०१५ साली अशा ९६ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेक म्हातारी, १५ वर्षांच्या आसपास त्रास सुरू झालेली. आणि निम्म्याच्या आसपास मांजरांना घरचे लोक बहिरी किंवा कमी ऐकणारी समजत होते! आवाज कुठले, तर अॅल्युमिनियमची चांदी, चिनी मातीच्या भांड्यावर वाजणारा चमचा, किल्ल्या, नाणी, प्लॅस्टिकची पिशवी. यांतला एकही आवाज मोठा नाही. सगळे बारीक, धारदार. मोठ्या आवाजाने जास्त जोरात येते म्हणतात, पण ठकी गणपतीच्या ढोलाखाली घोरत पडते. अशा झटक्यांना लेव्हेटिरासिटॅम नावाचं दुसरं औषध फिनोबार्बिटोनपेक्षा जास्त लागू पडतं, असं त्याच मंडळींनी पुढे दाखवलं. आमच्या डॉक्टरांनी तेही थोडं जोडलं.

म्हणजे मी ज्या हाताने औषध देत होते त्याच हाताने झटका देत होते. आता महिन्याच्या गोळ्या परसातल्या पडवीत जाऊन एकदम सोडवते आणि कापूस घातलेल्या लाकडी डबीत ठेवते. ठकीची स्टीलची वाटी गेली, लाकडाची आली. चमचे डब्यात टाकायचे नाहीत, ठेवायचे. कोकणातल्या घरात स्टीलची ताटं न वाजवता लावायची हे व्रतच आहे, करून बघा.

लोक विचारतात, कशाला ओढता? सुई देऊन मोकळी करा. राग येत नाही मला, प्रश्न खरा आहे. मी आमच्या डॉक्टरांना तोच विचारला होता. ते म्हणाले, फिट मोजू नका, चांगले दिवस मोजा. म्हणून वहीत आता दर रात्री एक खूण करते. स्वतः चालत वाटीपाशी गेली, अंग चाटलं, खिडकीत बसून कावळ्याला शिव्या घातल्या, तर बरोबर. नाहीतर फुली. महिन्यात फुल्या जास्त झाल्या की बोलायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. गेल्या महिन्यात चार फुल्या होत्या.

आज मी इथे स्टुडिओत आहे, तेव्हा सहाच्या गोळीला हे आहेत. त्यांच्या हातून ती गोळी घेत नाही, तीन वेळा थुंकते आणि चौथ्यांदा चावते. डेटॉल मी ओट्यावर काढून ठेवलंय.

नमस्कार.