शिवलेलं जहाज आणि अंब्याची नाव

नमस्कार श्रोतेहो.

चिकोडी भागातल्या कृष्णाकाठी नाव म्हटलं की आधी अंबी आठवतो. अंबी म्हणजे नावाडी, कन्नडात अंबिग. बसवण्णांच्या काळी वचनं रचणारे अंबिगर चौडय्या याच धंद्यातले. माझी आजी माहेरी जायची ती नावेतूनच. खेपेखेपेला पैसे नसत, सुगी झाली की आजोबा अंब्याच्या घरी जोंधळा पोचवत. उन्हाळ्यात नाव काठावर उपडी पडायची. फटींत चिंध्या ठोकून वरून डांबर फासायचं काम अंबी दिवसच्या दिवस करायचा.

आज हे आठवलं ते कारवारमुळे. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत! फळीच्या कडेला भोकं पाडायची, सांध्यावर काथ्या ठेवून दोरी आरपार ओढून आवळायची, मग राळ लावून फटी बुजवायच्या. असा सांधा लाटेच्या माराला थोडा लवतो, म्हणून टिकतो. आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं अशीच गलबतं बांधली जात.

हे जहाज बांधायला आधार काय होता? अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं एक चित्र. माप नाही, आराखडा नाही. मद्रास आयआयटीत प्रतिकृती पाण्यात तपासली गेली, पण टाके घातले ते केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली. बांधणी गोव्यात झाली. शिडावर गंडभेरुंड आहे, कर्नाटकाच्या राजमुद्रेतला तोच दोन तोंडांचा पक्षी. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघालं आणि वाऱ्याच्या जोरावर मस्कतला पोचलं. ती बातमी ऐकली तेव्हा माझे डोळे भरून आले.

खिळ्यांच्या जहाजांनीही आपल्याकडे मोठं नाव कमावलं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधली, ती इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. सागातल्या तेलानं लोखंड लवकर गंजत नाही, ओकच्या लाकडात मात्र खिळे गंजतात.

आमच्या गावची नाव पूल झाल्यावर काठावरच कुजली. तिच्या दोन फळ्या एका गोठ्याच्या दाराला लागल्यात, खिळ्यांची भोकं अजून दिसतात. ती बांधली कशी, हे सांगणारा अंबी आता नाही. मी त्याला कधी विचारलंच नाही, याचं वाईट वाटतं.

तेव्हा अथणी, रायबाग, चिकोडीच्या श्रोत्यांना विनंती. कुणाच्या परड्यात जुनी नाव पडली असेल, तर सरपणात घालण्याआधी तिची लांबी-रुंदी मापा. घरात म्हातारा अंबी असेल, तर फळीला, वल्ह्याला, गाठीला तो काय म्हणतो ते वहीत उतरवा. मराठीत म्हणो की कन्नडात, जसं म्हणेल तसं.

नमस्कार.