घामाची वाट

(दृश्य: डिचोलीतलं भंगाराचं दुकान)

चवथ जवळ आली की गोव्यात घरं झाडली जातात. माळ्यावरचे पेटीसारखे जुने टीव्ही, दबलेले सोफे इथं येऊन पडतात. पावसानं उघडीप दिली आहे आणि अंगाची काहिली होते आहे. दोन कामगार टीव्ही खोलतायत. तांबं एकीकडे, मागचं काळं प्लास्टिक दुसरीकडे. हातमोजे नाहीत. अशा उकाड्यात ते हातात टिकतही नाहीत. कोपरापर्यंत घाम, त्यावर करडी धूळ.

ही धूळ साधी नाही. आग पटकन लागू नये म्हणून टीव्हीच्या प्लास्टिकमध्ये, सोफ्याच्या फोममध्ये ब्रोमीनची रसायनं घालत. त्यातली बरीचशी नुसती मिसळलेली, पक्की जोडलेली नाहीत. म्हणून ती वर्षानुवर्षं सुटत राहतात आणि धुळीत उतरतात.

कातडीतून काय आत जाणार, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत एकेकाळी लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ट्रिस नावाचं अग्निरोधक लावत. 1977 साली अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी ते जनुकांत बिघाड करू शकतं असं मांडलं. त्याच वर्षी त्या कपड्यांवर बंदी आली. 1978 मध्ये तर ते कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत ट्रिसपासून बनलेला पदार्थ सापडला.

2024 साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी त्वचेच्या कृत्रिम नमुन्यांवर अशी रसायनं असलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण ठेवले. त्वचेनं 8 टक्क्यांपर्यंत रसायन शोषलं. त्वचा घामेजलेली असेल, तर जास्त. हे वाचलं आणि मला हेच हात आठवले. आपल्याकडे अंग कोरडं असतं तरी कधी?

यातल्या काही रसायनांची घडण थायरॉइडच्या संप्रेरकासारखी आहे, त्यामुळे ती त्याच्या कामात ढवळाढवळ करतात. ती चरबीत साठतात, आईच्या दुधातही उतरतात. गर्भात त्यांचा संपर्क जास्त आलेल्या मुलांची बुद्धिमत्ता आणि एकाग्रता कमी भरल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

भारतानं 2018 मध्ये यातल्या काहींवर बंदी घातली. त्याआधीचे टीव्ही मात्र अजून माळ्यांवर आहेत.

(दृश्य: नळ)

दोन वाजले. धाकटा डबा काढतो. दुकानदारीणबाई आतूनच हाक मारतात, "साबण लाव रे बाबा आधी. कोपरापर्यंत."