पाय टेकण्याआधीचा क्षण : मांडीमागचा स्नायू का फाटतो आणि कसा घडवायचा

[दृश्य : धावपट्टी. बाजूने घेतलेलं संथगती चित्रण.]

पाय हवेत आहे. गुडघा पुढे आलाय, पोटरी उलगडत पुढे फेकली जातेय, तळवा जमिनीला टेकायला अजून क्षणभर अवकाश आहे. आता नजर मांडीच्या मागच्या बाजूला ठेवा. तिथले स्नायू या क्षणी लांब होताहेत आणि त्याच वेळी पूर्ण जोर लावून आवळलेही जाताहेत. झेपावणाऱ्या पायाला त्यांनी आवरलं नाही, तर गुडघा झटक्याने सरळ होईल. पायाचा ब्रेक इथे लागतो. आणि बहुतेक वेळा स्नायू फाटतो तोही इथेच.

भरधाव धावता धावता मांडीमागे हात नेऊन थांबलेला खेळाडू कोणी पाहिला नसेल असं होणार नाही. १२ ऑगस्ट २०१७ रोजी लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उसेन बोल्टची अखेरची शर्यत अशीच संपली. ४ बाय १०० मीटर रिलेचा शेवटचा टप्पा, डावी मांडी धरलेली, आणि अंतिम रेषा गाठण्याआधीच तो ट्रॅकवर कोसळलेला.

पण फाटण्याचा नेमका क्षण पकडणं फार अवघड असतं, कारण दुखापत काही प्रयोगशाळेला वेळ देऊन होत नाही. एकदा मात्र तसं घडलं. चढ दिलेल्या ट्रेडमिलवर एक खेळाडू धावत होता, अंगावर खुणा चिकटवलेल्या, कॅमेरे सुरू, आणि मोजणी चालू असतानाच त्याचा उजव्या मांडीमागचा स्नायू गेला. २००५ मध्ये संशोधकांनी त्या नोंदीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. शरीराची हालचाल पहिल्यांदा कुठे बिघडली ते बघत ते मागे मागे गेले आणि जवळजवळ १३० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात येऊन थांबले. पाय अजून हवेतच होता. पाऊल टेकल्यानंतरचा पहिला क्षणही धोक्याचा असतो, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. तरी पुराव्याचं पारडं हवेतल्या पायाकडे झुकतं.

[दृश्य : मांडीच्या मागच्या स्नायूंचं रेखाचित्र.]

मांडीमागच्या या स्नायूला हॅमस्ट्रिंग म्हणतात, पण तो एक स्नायू नाही, ते तीन आहेत. सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस हे मांडीच्या आतल्या बाजूला, बायसेप्स फिमोरिस बाहेरच्या बाजूला. आपण बसतो त्या हाडापासून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ते ओलांडतात. अपवाद एकच, बायसेप्सचं आखूड डोकं. ते मांडीच्या हाडापासूनच सुरू होतं. खुबा वाकला आणि गुडघा सरळ झाला की हे स्नायू दोन्ही टोकांनी ताणले जातात, आणि पाय टेकण्याआधी नेमकं तेच होतं. त्या क्षणी बायसेप्स फिमोरिसचं लांब डोकं, सरळ उभं असताना जितकं असतं त्यापेक्षा सुमारे १० टक्के लांब झालेलं असतं. वेगात धावताना सर्वाधिक वेळा फाटतं ते हेच. ते मधोमध तुटत नाही. स्नायूचं मांस टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीच्या, पातळ पडद्याला जिथे मिळतं, तो जोड उसवतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. धावण्याचा वेग कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेला, तर स्नायूची ही कमाल लांबी फारशी वाढत नाही. वाढतं ते काम, म्हणजे लांब होता होता जी ऊर्जा शोषून घ्यायची ती. तीही वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढते. आठवडाभर तीन-चतुर्थांश वेगात धावलेल्या खेळाडूला आपण भरपूर धावलो असं वाटतं, पण त्याच्या ब्रेकची परीक्षा झालेलीच नसते. ती थेट सामन्यात होते, बहुधा दमल्यावर.

[दृश्य : मांडीवर अल्ट्रासाउंडचा प्रोब. पडद्यावर तिरक्या पांढऱ्या रेषा.]

पडद्यावरच्या या तिरक्या रेषा म्हणजे स्नायूतंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात. एका कप्प्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अडीच-तीन पट. या हिशेबाने १० सेंटिमीटरच्या जुडीत असे ३३ ते ४० हजार कप्पे एका रांगेत येतात. स्नायू ताणला गेला की ताण या सगळ्यांत वाटला जातो. रांगेत कप्पे जास्त, तर प्रत्येकाच्या वाट्याला ताण कमी. आखूड जुडीतले काही कप्पे पकड सुटेपर्यंत ओढले जातात आणि इजेची सुरुवात तिथून होते, असं यामागचं गणित मांडलं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या १५२ अव्वल फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बायसेप्सच्या जुड्या १०.५६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असलेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे चौपट होता. लांब होत जाताना लावता येणारा जोर ३३७ न्यूटनपेक्षा कमी असेल तरीही जवळपास तितकाच. हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. प्रोब स्नायूपेक्षा आखूड असतो, त्यामुळे जुडीचा उरलेला भाग गणिताने अंदाजावा लागतो, आणि मोजणाऱ्याचा हात बदलला की आकडाही थोडा बदलतो. दिशा मात्र स्पष्ट आहे. लांब जुड्या हव्यात आणि लांब होतानाची ताकद हवी.

वाकून बोटं पायाला लावत बसल्याने हे दोन्ही मिळेल, असं पुष्कळांना अजूनही वाटतं. सैन्यात नव्याने दाखल झालेल्या १,५३८ जणांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००० साली आले. व्यायामाआधी ताणून घेतल्याने पायांच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. ताणून घेणं वाईट नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

[दृश्य : गादीवर गुडघे टेकलेला खेळाडू, मागे जोडीदार.]

भिस्त ठेवावी असा व्यायाम हा आहे. नाव नॉर्डिक. गुडघ्यांखाली जाड, मऊ गादी हवी. कडक जमिनीवर पहिल्या सेटलाच गुडघ्याच्या वाट्या दुखायला लागतात आणि खेळाडू जोर लावायचा सोडून कळा सोसत बसतो. जोडीदार मागे बसून दोन्ही घोटे टाचांच्या जरा वर धरतो आणि स्वतःचं वजन त्यावर टाकतो. पोटरीवर बसायचं नाही, आणि पकड मधेच ढिली होऊ द्यायची नाही. पाय उचलला जातोय अशी शंका जरी आली तरी खेळाडू आपोआप जोर आखडता घेतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर एका रेषेत. मग पुढे झुकायचं, जितकं हळू जमेल तितकं हळू.

आता खुब्याकडे बघा. झुकताना ढुंगण मागे राहिलं आणि कमरेत घडी पडली की वजनाचा दांडा आखूड होतो आणि मांडीमागचा भार उतरतो. या व्यायामात सर्वाधिक दिसणारी चूक ही. सोपी करून घेण्याची ती शरीराची युक्ती आहे, म्हणून बाजूला उभं राहून कोणीतरी ती पाहायला हवी. दुसरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. एका कोनानंतर बहुतेकांचा तोल सुटतो आणि शरीर धपकन खाली जातं. सुरुवातीला तो कोन लवकर येतो, त्यात काही वावगं नाही. सुटल्यावर छातीसमोर हात टेकून स्वतःला झेलायचं आणि हातांनी ढकलूनच वर यायचं. वर येताना मांडीची ताकद खर्चू नये, सगळी किंमत खाली जाण्यात आहे. तोल कुठे सुटतो ते दर आठवड्याला बाजूने मोबाइलवर टिपून ठेवावं. तो बिंदू जमिनीकडे सरकत गेला की प्रगती होते आहे.

किती करायचं? डेन्मार्कमधल्या ५० संघांतल्या ९४२ फुटबॉलपटूंवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. तिचा क्रम असा होता. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, २ सेट, प्रत्येकी ५ वेळा. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, २ सेट, ६ वेळा. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीन दिवस, ३ सेट, आधी ६ ते ८ आणि चौथ्या आठवड्यात ८ ते १०. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत १२, १० आणि ८ अशी उतरती मोजणी. एकूण २७ सत्रं, पुढे हंगामभर आठवड्यातून एकदा. व्यायाम करणाऱ्यांत मांडीमागच्या १५ दुखापती झाल्या. नेहमीचाच सराव करणाऱ्या, जवळपास तितक्याच खेळाडूंत ५२.

पहिल्या आठवड्यात फक्त १० वेळा, हे उगीच नाही. लांब होत जाताना जोर लावल्याने येणारा ठणका २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ३ सेट १२ वेळा करून घेतले, तर संघ दोन दिवस जिना उतरताना कण्हतो आणि तिसऱ्या दिवशी व्यायाम बंद पडतो. हळू चढवलं, तर एका सौम्य सत्रानेच पुढच्या सत्रातला ठणका बराच कमी होतो. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम कधीच नको. सामन्यानंतरचा दुसरा दिवस, किंवा सामन्याला तीन-चार दिवस असताना, ही योग्य वेळ.

[दृश्य : रिकामं मैदान, संध्याकाळ.]

आणि तरीही हे होत नाही. २०१५ मध्ये एका पाहणीचे निष्कर्ष आले. चॅम्पियन्स लीगमधले आणि नॉर्वेच्या अव्वल विभागातले मिळून ५० क्लब, प्रत्येकाचे तीन हंगाम, असे १५० हंगाम तपासले गेले. नॉर्डिकचा क्रम पूर्ण पाळला गेला फक्त १६ हंगामांत, अर्धवट ९ मध्ये. याच काळातला युरोपीय फुटबॉलचा दुखापतींचा दीर्घ अभ्यास सांगतो की २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ पर्यंत तो २४ टक्क्यांवर गेला. सामने वाढले, खेळ वेगवान झाला, हे खरंच. पण हाताशी असलेला उपाय कपाटात राहिला, याची मनापासून खंत वाटते. पुढच्या संशोधनातून असंही दिसलं आहे की एकदा पाया घातला की आठवड्याला ८ वेळांइतका थोडा नॉर्डिकही जुड्यांची लांबी आणि ताकद चांगली वाढवतो. वेळ नाही ही सबब मग उरत नाही.

नॉर्डिक एकटा मात्र पुरत नाही. त्यात खुबा सरळ असतो, म्हणून स्नायू पूर्ण लांबीला जातच नाही, आणि भारही आतल्या सेमिटेंडिनोससवर जास्त पडतो. बायसेप्सच्या लांब डोक्यासाठी खुबा वाकवणारे व्यायाम जोडावेत. एका पायावरची रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकत वजन खाली नेणं आणि परत वर येणं, किंवा ४५ अंशांच्या बाकावर पाठ उचलणं.

आणि मग खरी लस, म्हणजे भरधाव धावणं. २० मीटर वेग पकडायला, पुढचे २० मीटर ९५ टक्क्यांच्या वर, नंतर आपोआप थांबेपर्यंत सैल पावलं. अशा चार-पाच धावा आठवड्यातून एकदा तरी, वॉर्म-अप पुरता झाल्यावर आणि पाय ताजे असताना. सत्राच्या शेवटी दमलेल्या पायांनी घेतल्या तर वेगच गाठला जात नाही. सुट्टीवरून परतलेल्यांनी ८० टक्क्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वर यावं. एका तुलनात्मक अभ्यासात सहा आठवड्यांच्या स्प्रिंट सरावाने बायसेप्सच्या जुड्या नॉर्डिकपेक्षाही जास्त लांबल्या.

[दृश्य : उपचार कक्ष. पालथा झोपलेला खेळाडू.]

फाटल्यानंतरचं चित्र वेगळं आहे. आधीची दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सर्वांत पक्का इशारा असतो. युरोपच्या त्याच अभ्यासात १८ टक्के दुखापती पुन्हा झालेल्या होत्या आणि त्यातल्या दोन-तृतीयांशाहून जास्त, मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन घेण्याची चढाओढ असते. ८० खेळाडूंवरच्या २०१४ च्या चाचणीत या इंजेक्शनने आणि साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनने परतायला सारखाच वेळ लागला, दोन्हीकडे मध्यक ४२ दिवस. त्याउलट स्वीडनच्या ७५ फुटबॉलपटूंपैकी ज्यांना स्नायू लांब असतानाच भार देणारे व्यायाम दिले, ते सरासरी २८ दिवसांत परतले. ठरलेल्या नेहमीच्या व्यायामांना ५१ दिवस लागले.

परतण्याआधीची शेवटची चाचणी साधी आहे. उताणं झोपवायचं. दुखावलेला पाय गुडघ्याला पट्टा लावून सरळ, दुसरा पाय आणि कंबर बाकाला बांधलेली. आणि सांगायचं : पाय जितका वेगाने वर झुगारता येईल तितका झुगार. दुखायला नको, हे उघड आहे. पण तपासणाऱ्याने विचारायचं ते वेगळंच : "झुगारताना मन कचरलं का?" उत्तर हो आलं, किंवा शेवटच्या टप्प्यात पाय स्वतःहून मंदावलेला दिसला, तर स्कॅन कितीही स्वच्छ असो, त्या खेळाडूला आणखी एक आठवडा लांबीचे व्यायाम, आणि मग पुन्हा हाच बाक.